न मुरलेले रान

बूपोला गावात कोणी बूपो म्हणत नसे. पहिले मूल झाले की आईबापांची नावे मागे पडतात आणि ती मुलाच्या नावाने ओळखली जातात, ही आमच्या डोंगरांतली रीत. त्यामुळे ऐन विशीत ती ‘मूसेची आई’ झाली आणि म्हातारपणापर्यंत मूसेची आईच राहिली. नावाने हाक मारणारा एकच माणूस होता, तिचा नवरा थावा. तो राबाच्या, म्हणजे रान तोडून जाळायच्या, दिवसांत एका जुन्या झाडाच्या फांद्या उतरवताना वरून पडला. मोठी झाडे आम्ही तोडत नाही. माणूस वर चढतो, फांद्या छाटतो, खोड आणि शेंडा जिवंत ठेवतो. लहान झाडेही कमरेएवढी उंची राखून तोडायची, म्हणजे पुढच्या पावसात त्या खुंटांना धुमारे फुटतात. बुंध्यातून कुऱ्हाड चालवणे यापेक्षा सोपे आणि बिनधोक असते. थावा गेला त्या साली दोन-तीन घरांत तशी कुजबुज झाली, की एका झाडापायी एवढा धडधाकट माणूस घालवण्यात काय अर्थ आहे. ती बूपोच्या कानावर आली तेव्हा तिने एवढेच विचारले म्हणतात, की झाड मुळासकट मारल्यावर सात वर्षांनी जाळणार काय, तुमची हाडे?

प्रश्न निष्ठुर होता. विधवेने तो विचारावा हे अधिकच. पण आमच्या सगळ्या शेतीचा आधार त्या प्रश्नात होता. या डोंगरांची श्रीमंती मातीत पुरलेली नसते, ती मातीवर उभी असते. खालची लाल माती भुकेली आहे. पावसाळा तिच्यातले सत्त्व धुऊन ओढ्याला देतो, आणि ते वाहून जायच्या आत पकडू शकतात ती फक्त मुळे. झाड ते खोलातून वर ओढते, पानांत साठवते. पान गळते, वाळवी आणि बुरशी त्याचा भुगा करतात, आणि तो भुगा जमिनीत पुरता जिरण्याआधीच वरवरची केसासारखी मुळे त्याला पुन्हा पिऊन टाकतात. या फेऱ्यात दरसाल थोडे मागे उरते, आणि त्या उरलेल्याने माती काळी होत जाते. शिकलेले लोक त्या काळेपणाला सेंद्रिय कर्ब म्हणतात. आम्ही म्हणतो, रान मुरले. एक घर एका साली एक उतार साफ करते, जाळते, भात घेते आणि सोडून देते. पुढच्या साली दुसरा, मग तिसरा. सात उतार फिरून पहिल्यावर परत यावे तेव्हा तिथे पुन्हा जंगल झालेले असते. सात वर्षांची साठवण एका दुपारी राख होते आणि त्या राखेवर एका वर्षाचा भात उभा राहतो. अशा शेतीला कष्टांइतकीच वाट पाहण्याची गरज असते. आणि वाट पाहायची तर आपली जागा तोवर कोणी घेणार नाही एवढा भरवसा लागतो.

बूपो याबाबत गावात सर्वांत जाणती होती असे नाही. टाच रोवून, पाचोळा बाजूला सारून, मूठभर माती नाकाशी धरून रान मुरले की नाही हे आमच्याकडे शेंबडे पोरही सांगते. ती सर्वांत आडमुठी होती, एवढेच. तिचा शेजारी तामला. त्याच्या घरात खाणारी तोंडे फार. एका साली त्याने पाच वर्षांचा उतार तोडला. टोकणीला रिवाजाप्रमाणे सारे गाव त्याच्या शेतावर जमले होते. पुरुष टोकदार पहारींनी खड्डे पाडत पुढे चालले होते, मागून बायका त्यांत भाताचे दाणे टाकत होत्या, आणि त्या ओळीतूनच बूपो सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाली, “ओल्या बाळंतिणीला सरपणाला धाडतोस होय रे, तामला?” सगळे हसले. तामलाही हसला. पण असले बोलणे माणूस विसरत नाही.

जमिनीची सरकारी मोजणी येणार ही बातमी नंतर काही वर्षांनी आली. खालच्या गावाहून सांगावा आला तेव्हा म्हाताऱ्या हीखोने, म्हणजे आमच्या गावाच्या मानकरी म्हाताऱ्याने, घराघरांतल्या थोरांना बोलावून तो सांगितला. ज्या उतारावर पीक दिसेल तो त्या घराच्या नावावर लागेल. ज्यावर झाडे दिसतील ते जंगल, आणि जंगल राखीव. नियम ऐकायला सरळ होता. शेती चालू आहे म्हणूनच जिथे झाडे उभी आहेत, अशा जमिनीला मात्र त्या नियमात जागा नव्हती. आमची पड त्यांच्या दृष्टीने टाकून दिलेली जमीन होती. परिणामी ज्या उताराने जितका जास्त विसावा घेतला होता, तितका तो आधी जाणार होता. ज्यांनी घाई केली, ज्यांनी मातीला ओरबाडले, त्यांचे राहणार होते. ज्यांनी धीर धरला त्यांना त्या धीराचीच शिक्षा होणार होती.

बूपोच्या घराच्या ज्या उताराची त्या साली खरी पाळी होती, तो वरच्या कड्याखाली होता, आणि त्यावरच्या झाडांना राखीव जंगलाचे लाल पट्टे आधीच मारून झाले होते. त्याच्याबद्दल बोलण्यासारखे काही उरले नव्हते. एका घराच्या हातून वर्षाला एकच उतार साफ होतो, म्हणून वाचवायचा तर एकच निवडायचा होता, आणि तो कोणता याविषयी घरात दुमत नव्हते. अस्वलउतार ओढ्याजवळ होता, रुंद होता, आणि मूसेला लहानपणापासून आवडायचा. फक्त त्याला चारच वर्षे झाली होती.

मूसे बूपोची एकुलती एक लेक. तिचा नवरा क्वेथू पलीकडच्या खोऱ्यातला. आमच्यात नवरा बायकोच्या घरी राहायला येतो, तसा तो आला होता. त्याचे स्वतःचे रान नव्हते, आणि सासूपुढे तो कमीच बोलत असे. त्या सकाळी भाताची पेज पुढ्यात घेऊन तिघे बसले होते. अस्वलउतार या साली तोडू या, असे मूसे म्हणाली. बूपो म्हणाली, त्याला अजून तीन वर्षे आहेत. मूसेने ते ऐकले आणि वाडगे खाली ठेवले.

“आई, तू त्याला मोठं करणार आणि ते येऊन नेणार. मग कुणासाठी मोठं करतेयस?”

“चार वर्षांचं पोर आहे ते, मूसे. त्याच्या डोक्यावर कणगी ठेवतेस?”

“माझीही दोन आहेत. त्यांच्या डोक्यावर काय ठेवू ते सांग.”

क्वेथूने पेज संपवली. मग कोणाकडे न पाहता त्याने सांगितले, की उतार आपला नाही, आपण त्यावर बोलणार नाही. पण खाली लिचीच्या बागांत माणसे घेत आहेत. अस्वलउतार गेला तर आपण तिकडे जाऊ, आणि एकटे जाणार नाही. हे त्याने धमकीच्या सुरात सांगितले असते तर बूपोने त्याला दारातून बाहेर काढले असते. तो ते खाली मान घालून, जवळजवळ क्षमा मागितल्यासारखे बोलला. खाली गेलेली घरे परत येत नाहीत हे तिने पाहिले होते. त्यांची पोरे सणाला येतात, आपली भाषा थाई सुरात बोलतात आणि उतार चढताना धापा टाकतात.

तिने सरळ होकार दिला नाही. ती म्हणाली, भेकराला विचारू.

नवा उतार तोडायला घेताना घरचे थोर माणूस आधी थोडीशी जागा साफ करते, रानाच्या धन्याला सांगणे सांगते, आणि ऐकत बसते. भेकर ओरडले तर ती जागा सोडायची. कितीही चांगली असो, वाद नाही. या रिवाजाने आमच्या कित्येक पिढ्यांत कित्येक उतार वाचले आहेत. बूपो क्वेथूला घेऊन अस्वलउतारावर गेली, चार झुडपे तोडली, सांगणे सांगितले आणि ओणवी बसून राहिली. सूर्य डोक्यावर आला तरी भेकर ओरडले नाही. परत येताना ओढ्यावर तामला भेटला. बाळंतीण उठली का खाटेवरून, असे त्याने विचारले. बूपो न थांबता ओढा ओलांडून गेली. हीखोने विचारले तेव्हा मात्र तिने सांगितले, की नाही ओरडले. आणि सांगताना तिच्या आवाजात सुटका होती असे ऐकणारे म्हणतात.

त्या साली गावाच्या प्रत्येक उतारावर वेळेआधी कोयते चालू होते. भेकरे केव्हाच कड्यापलीकडे निघून गेली होती. ओरडायला तिथे कोणी उरले नव्हते, आणि ते न ओरडणे प्रत्येक घराने आपापल्यापुरता होकार म्हणून घेतले. रिवाज आम्ही मोडला नाही. अगदी नीट पाळला. ज्या रानात भेकर आहे अशा रानासाठी तो केलेला होता, एवढे मात्र कोणी बोलून दाखवले नाही.

बूपोने तोडणी आपल्या पद्धतीने करवून घेतली. खुंट कमरेएवढे, चार वर्षांच्या रोपट्यांनाही. पण चार वर्षांच्या रानात जाळायला होते तरी काय? मनगटाएवढी झाडे, बांबूची कोवळी बेटे, आणि मधूनमधून गवत. आग लावली तेव्हा ती मुरलेल्या रानात गरजत चढते तशी चढली नाही. इकडून तिकडे पळाली आणि विझली. अर्धवट जळालेले गोळा करून पुन्हा ढीग लावावे लागले. राख जिथे ढीग होते तिथे पडली, बाकी उतार तांबडाच दिसत राहिला.

भात उगवला तो पिवळसर. दाट रानाची सावली सात वर्षे टिकते तेव्हा गवताचे बी जमिनीतच मरते. चार वर्षांत ते मेले नव्हते. इतर सालांपेक्षा जास्त वेळा निंदणी करावी लागली आणि तरी दरवेळी तण भाताच्या वर असे. बूपो पहाटे जायची, मागून मूसे पोरांना घेऊन यायची. भाताबरोबर लावलेल्या काकड्या बोटाएवढ्या राहिल्या, मिरचीची पाने आखडली. कापणीला आलेल्या लोकांनी लोंब्यांकडे पाहिले आणि, यजमानाच्या घरी जेवण कमी पडल्यावर माणसे करतात तसे, दुसऱ्याच कशाकशावर बोलणे काढले. नव्या वर्षाच्या सणापर्यंतही तो भात पुरला नाही.

मोजणीची माणसे मात्र त्याच हंगामात आली, धसकटे उभी असताना. दोघे तरुण होते, हातात यंत्र होते, आणि ते अदबीने वागले. त्यांनी अस्वलउताराच्या कडेने चालत फेरा घेतला आणि तो शेतजमीन म्हणून मूसेच्या नावावर लागल्याचे सांगितले. मूसे हसत घरी आली. थावा गेल्यानंतर ती इतकी मोकळी हसलेली आम्ही पाहिली नव्हती. क्वेथूने कोंबडे कापले, तांदळाची दारू निघाली. बूपोची थाई बेताची. तिने त्या दोघांतल्या एका तरुणाला घराच्या जिन्याशी थांबवले आणि मूसेमार्फत विचारले, की आता एवढे झाले, तर यापुढची काही साले हा उतार सोडून ठेवला तर चालेल ना. तो म्हणाला, दरवर्षी पीक दिसले पाहिजे. झाडे आली की तो जंगलात धरला जाईल. मग, बहुधा तिच्या चेहऱ्याकडे पाहून, त्याने हळू आवाजात पुढे म्हटले, “मी काय करू, मावशी? नकाशात दोनच रंग आहेत.”

तो वाईट माणूस नव्हता. या सगळ्या हकिगतीत वाईट माणूस शोधून सापडत नाही, आणि तिच्यातली सर्वांत अवघड गोष्ट हीच आहे. जमीन मिळाली होती. तिने विसावा घ्यायचा नाही या अटीवर मिळाली होती.

पुढल्या साली टोकणीच्या दिवशी सारे गाव अस्वलउतारावर जमले. भाताची टोकणी कोणीही उठून सुरू करू शकत नाही. घरातल्या सर्वांत थोर बाईने शेतातल्या ठरलेल्या जागी आपल्या हाताने पहिले दाणे टाकायचे आणि भाताच्या आईला बोलवायचे. तोवर त्या घराच्या शेतात इतर कोणी पहार रोवत नाही. बूपो बियाण्याची टोपली मांडीवर घेऊन एका खुंटावर बसली आणि उठली नाही. पुरुष पहारींवर रेलून उभे राहिले. काहींनी विड्या वळल्या. ऊन वर आले.

“आई, लोक खोळंबलेत,” मूसे म्हणाली.

“बसू दे त्यांना. बसायला मी कुणाला नको म्हटलंय? या मातीलाच तेवढं कुणी बसू देत नाही.”

“हे सोडलं तर जातं. ऐकलंस ना तू? तुझ्यासमोर सांगितलं त्यानं.”

“जाऊ दे. झाडं येतील. कुणाचीही म्हणोत, येतील तरी.”

तेव्हा तामला पुढे झाला. सगळ्यांना वाटले, आता हा जुने उट्टे काढणार. पण त्याने पहार जमिनीवर आडवी ठेवली आणि तिच्याशेजारी उकिडवा बसला. “मूसेच्या आई,” तो म्हणाला, “माझी माती तुझ्या आधी मेली. मी पेरतोच आहे की. मेलेल्यांनाही आपण भात वाढतोच.” बूपो टोपली मांडीवर धरून बसूनच राहिली. लोकांनी आणलेली शिदोरी तिथेच खाल्ली आणि ते खाली उतरले. टोकणी न करता शेतावरून गाव परतल्याचे आमच्या आठवणीत ते पहिलेच.

मूसे त्यानंतर कित्येक दिवस आईशी बोलली नाही. एकाच चुलीवर दोघी रांधत आणि पाठमोऱ्या जेवत. क्वेथू हीखोकडे गेला. म्हाताऱ्याने त्याचे सगळे ऐकून घेतले आणि सांगितले, की बाईच्या हाताशिवाय भात पेरता येणार नाही, यात मी काही ढिले करू शकत नाही. मुलीच्या हाताला तो मान आई हयात असताना येत नाही. क्वेथू उठू लागला. तेव्हा म्हाताऱ्याने त्याला थांबवले. “भाताला आई असते,” हीखो म्हणाला. “मक्याचं आपल्यात काही सांगितलेलं नाही.”

मक्याचा व्यापारी खालून गाडी घेऊन दर आठवड्याला येतच होता. बी तोच देई, खत तोच देई, तण मारायचे औषधही तोच, आणि कणसे पुन्हा तोच नेई. त्यात पहिला दाणा कोणी टाकायचा हा प्रश्नच येत नव्हता. कशाला बोलवायचे नव्हते, कशासाठी थांबायचे नव्हते. बूपोच्या हाती आयुष्यभरात एकच अधिकार आला होता, नाही म्हणण्याचा; आणि भात जिथे संपतो तिथे तो संपत होता. पूर्वजांनी आपल्याला आवरण्यासाठी जे जे ठरवले ते त्यांना ठाऊक असलेल्या बियाण्यांसाठी ठरवले. ज्याचे नावही त्यांनी ऐकले नव्हते, त्याच्या वाटेत ते आडवे येऊ शकले नाहीत.

औषध फवारले तेव्हा आधी तण पिवळे पडले. मग खुंटांवरचे धुमारे आखडले. कमरेएवढ्या राखलेल्या त्या खुंटांतले फार थोडे पुढे फुटले. बाकीचे पावसाळ्याअखेर हाताने हलवले तरी मोडतील असे झाले असते, पण मक्याच्या ओळी सरळ याव्यात म्हणून क्वेथूने ते आधीच उपटून काढले. मुळे गेल्यावर पावसाचे पाणी उतारावरून लालच उतरणार, हे त्यालाही दिसत होते. त्याने बांबूचे आडवे बांध घातले. तो आळशी नव्हता आणि निर्बुद्धही नव्हता. त्याला बायकोमुले घेऊन खाली जायचे नव्हते, आणि सासूच्या घरात राहायचे होते.

मक्याच्या टोकणीच्या पहिल्या दिवशी बूपो घरीच राहिली. तिने नातवंडांना जेवू घातले, सरपण फोडले, डुकरांचे पाणी पाहिले. गाव मदतीला गेले नव्हते. मक्याला गाव जात नाही. संध्याकाळी मूसे परत आली ती पहारीने सोललेले तळहात घेऊन. ती चुलीशी बसली आणि उघडे पंजे मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली. बूपोने ते पंजे पाहिले. तिने भात वाढला आणि लेकीपुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी क्वेथू निघाला तेव्हा बूपो जिन्याखाली उभी होती, डोक्याला फडके बांधून. वाटेत ती त्याच्या पुढे चालली नाही, मागे चालली. उतारावर पोचल्यावर त्याने पहार उचलली आणि तिने पिशवीतून बी ओंजळीत घेतले. दाणे गुलाबी होते, औषध चोळलेले. ती त्यांच्याकडे पाहत उभी राहिली. तो थांबला, त्याला वाटले, ती आता ते फेकून देईल.

“याला खड्डा किती खोल लागतो?” तिने विचारले.

“दोन पेरं,” जावई म्हणाला, आणि ती वाकली.